ओंग बाक २ कायदेशीर कुठे बघायचा, आणि त्याआधी मुलाला काय सांगायचं

(प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगा आठवीत आहे, मुए थाईच्या (थाई बॉक्सिंगच्या) क्लासला जातो, पहिला 'ओंग बाक', म्हणजे तो थाई मारधाडीचा पिक्चर, मित्राच्या मोबाईलवर हिंदीत बघून वेडा झालाय, आता दुसरा भाग हवाय. टेलिग्रामवरची लिंक कुणीतरी दिलीये पण आईला ती नकोय. कायदेशीर कुठे मिळेल, हिंदीत मिळेल का, मुलाने बघावा का, आणि क्लासमध्ये सगळ्या पोरांना एकत्र दाखवता येईल का?)

ताई, मुलाला आधी एक गोष्ट सांगून टाका म्हणजे नंतर घरात भांडण नको. ओंग बाक २ मध्ये पहिल्या पिक्चरमधला हिरो टिंग नाहीये. ते नोंग प्रदू गाव नाही, चोरीला गेलेलं मूर्तीचं डोकं नाही, बँकॉकमधली टुकटुकची पळापळ नाही, काहीच नाही. पहिला २००३ चा, आजच्या काळातला. दुसरा डिसेंबर २००८ मध्ये थायलंडला लागला आणि तो डायरेक्ट पंधराव्या शतकात जातो, अयुथ्याचं राज्य पसरत होतं त्या काळात. हिरो टोनी जाच आहे पण कॅरेक्टर वेगळं, नाव तिएन, एका सरदाराचा मुलगा, बापाला मारून टाकतात, पोरगा गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती लागतो, ते त्याला मगरीच्या खड्ड्यात टाकतात, तिथून एका डाकूंच्या टोळीचा म्होरक्या त्याला उचलतो आणि मग तो त्या टोळीत वाढतो, शिकतो, सूड घ्यायला निघतो. नावात २ आहे ते धंद्यासाठी. पहिला जगभर चालला होता, ते नाव कोण सोडणार.

आणि दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. हा पिक्चर पूर्ण नाहीये. शेवटाला सगळं हातघाईवर आलेलं असताना तिएनला पकडतात, एक निवेदन येतं, आणि खेळ खल्लास. थिएटरमध्ये लोक अक्षरशः एकमेकांकडे बघत बसले असतील. उरलेली गोष्ट ओंग बाक ३ मध्ये आहे, तो मे २०१० मध्ये आला. म्हणजे २ आणि ३ मिळून एक पिक्चर समजा, आणि पहिला त्यांच्याशी फक्त नावाने आणि त्या बुद्धमूर्तीने बांधलेला. म्हणून मी माझ्या क्लासमधल्या पोरांना नेहमी सांगतो की २ शोधत असाल तर ३ सुद्धा मिळतोय का ते आधी बघा, नाहीतर भाड्याचे पैसे भरून अर्ध्यावर लटकाल.

असं का झालं ते मुलाला सांगण्यासारखं आहे. पहिल्या पिक्चरचा डायरेक्टर प्राच्या पिंकेव होता आणि मारामारीचा गुरु पन्ना रित्तिक्राय. दुसऱ्या भागाला टोनी जा स्वतः डायरेक्टर झाला. २००८ मध्ये शूटिंग चालू असताना बजेट हाताबाहेर गेलं, प्रोड्युसर कंपनीशी म्हणजे सहमोंगकोल फिल्मशी वाजलं, आणि हा माणूस सेट सोडून निघून गेला. काही आठवडे पत्ता नाही, मग थाई टीव्हीवर येऊन रडला, सगळ्या देशाने बघितलं. शेवटी पन्ना आले, डायरेक्शनला हात लावला आणि पिक्चर पुरा केला, म्हणून डायरेक्टर म्हणून दोघांची नावं आहेत. ३ रिलीज झाला त्याच महिन्याच्या शेवटी टोनी जा आपल्या सुरिन प्रांतात जाऊन भिक्षू झाला. हे माहीत असलं की दुसऱ्या भागातला तो मध्येच तुटणारा धागा, अचानक येणारी पात्रं, हे सगळं डोक्यात बसतं. गोष्ट म्हणून पिक्चर विस्कळीत आहे, माझं स्पष्ट मत. मारामारी म्हणून मात्र मी याला पहिल्यापेक्षा वर ठेवतो आणि त्यावरून माझ्या ओळखीचे अर्धे कोच माझ्याशी भांडतात.

बघा, पहिल्यात जे आहे ते मुए बोरान, म्हणजे रिंगमधल्या मुए थाईच्या आधीची जुनी पद्धत. कोपर, गुडघे, उडी मारून डोक्यावर कोपर, आणि कॅमेरा एकच फटका दोन-तीन वेळा दाखवतो की बघा खरं मारलंय, दोरी नाही, कॉम्प्युटर नाही. पोरं त्यालाच भुलतात. दुसऱ्यात टोनी जाने ठरवलं की तिएनला सगळंच यायला पाहिजे, म्हणून त्यात क्राबी क्राबोंग आहे (थाई तलवार-काठी), जपानी तलवार आहे, चिनी हातवारे आहेत, दारुड्यासारखं झुलत मारणं आहे, तीन तुकड्यांची साखळीकाठी आहे, दोरीला बांधलेला भाला आहे. शेवटची जी लांबलचक मारामारी आहे ती नीट बघायला सांगा. हत्यार बदललं की त्याचं उभं राहणं बदलतं, पायातलं अंतर बदलतं, श्वास बदलतो. हे करायला किती अवघड आहे ते आम्हाला कळतं, कारण आमच्याकडे पोरगं दोन वर्षं बॉक्सिंग करून आलं तर त्याच्या खांद्यातून बॉक्सिंग काढता काढता नाकी नऊ येतात, आणि हा माणूस एका सीनमध्ये पाच वेगवेगळ्या शरीरांनी लढतो.

आणि हत्ती. टोनी जा सुरिन प्रांतातला, तो भाग हत्तींसाठी प्रसिद्ध, घरचे हत्ती सांभाळणारे. तिएन कळपातल्या हत्तींच्या पाठींवरून धावत जाऊन म्होरक्या हत्तीपर्यंत पोचतो तो सीन दुसऱ्या कुठल्या हिरोला जमला नसता, आणि शेवटच्या मारामारीत हत्तीच्या अंगाखाली, सोंडेवर, पाठीवर जे चाललंय ते बघून माझी बायको, जिला असल्या पिक्चरमध्ये काडीचा रस नाही, ती पण हातातलं काम सोडून बसली होती.

आपल्या मराठी घरात अजून एक मजा आहे. तिएनची टोळी ज्या कड्यावर राहते त्याच्या नावात गरुड आहे, नाचात रामायणातले मुखवटे आहेत (त्यांचं रामायण म्हणजे रामाकिएन, मुखवट्यांच्या नाचाला खोन म्हणतात), आणि मुए बोरानच्या जुन्या डावांत हनुमान आहे, ऐरावत आहे. हनुमानाने सीतेला अंगठी दिली त्या प्रसंगाच्या नावाचा डाव आहे, दोन्ही मुठी एकदम खालून वर हनुवटीवर. तुमच्या मुलाला क्लासमध्ये शिकवला नसेल तर कोचला विचारायला सांगा, पोरं हनुमानाचं नाव ऐकून खुश होतात.

आता मूळ मुद्दा, कायदेशीर कुठे.

मी इथे अमुक ॲपवर आहे असं ठोकून देणार नाही, आणि जो कोणी देतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, कारण ते पुढच्या महिन्यात खोटं ठरू शकतं. कारण समजून घ्या. थाई निर्माता आपल्या पिक्चरचे हक्क देशादेशाप्रमाणे विकतो, ते पण ठराविक वर्षांसाठी. अमेरिकेत एकाकडे, इंग्लंडमध्ये दुसऱ्याकडे, भारतात तिसऱ्याकडे. त्यात टीव्हीचे हक्क वेगळे, ऑनलाईनचे वेगळे, डिस्कचे वेगळे. शिवाय हिंदी डबिंग ज्याने करून घेतलं त्याच्याकडे त्या आवाजाचा ट्रॅक, म्हणून कधीकधी असं होतं की पिक्चर ॲपवर आहे पण फक्त थाई किंवा इंग्लिशमध्ये आणि हिंदी नाही, किंवा उलट, हिंदी आहे पण मूळ थाई आवाजच नाही. मुदत संपली की पिक्चर रात्रीतून गायब. तुमच्या मावसभावाने गेल्या वर्षी जिथे बघितला तिथे आज नसेल, यात तो खोटं बोलत नाहीये.

म्हणून रीत अशी ठेवा. जस्टवॉच नावाची साईट आहे, ॲप पण आहे, फुकट आहे, त्यात देश भारत निवडा आणि पिक्चरचं नाव इंग्लिश स्पेलिंगने टाका. ते दाखवतं की सबस्क्रिप्शनमध्ये कुठे आहे, भाड्याने कुठे, विकत कुठे, जाहिरातींसह फुकट कुठे. तिथे काही दिसलं की मग त्या ॲपमध्ये स्वतः जाऊन खात्री करा, कारण ही यादी कधीकधी मागे पडते. सबस्क्रिप्शनमध्ये नसेल तर भाड्याचं बघा, यूट्यूबचा मूव्हीज विभाग, ॲपल टीव्ही, ॲमेझॉन. भाड्याने घेतला की साधारण ३० दिवसांत सुरू करायचा असतो आणि एकदा प्ले दाबलं की सहसा ४८ तासांत संपवायचा, त्यामुळे मुलाची युनिट टेस्ट चालू असताना घेऊ नका. विकत घेतला तरी तो तुमच्या खात्यावरचा परवाना असतो, कपाटातली वस्तू नव्हे, हे लक्षात ठेवा. आणि पैसे भरायच्या आधी ऑडिओ आणि सबटायटल कुठल्या भाषेत आहेत ते पानावर लिहिलेलं असतं ते वाचा, ट्रेलर चालू करून आवाज ऐका, कारण नंतर कस्टमर केअरशी डोकं लावण्यात अर्थ नाही.

नावांचा घोळ हा वेगळाच ताप आहे. टोनी जाचा २००५ चा जो पिक्चर आहे, हत्ती शोधत सिडनीला जातो तो, त्याचं मूळ नाव 'तोम यम गूंग', अमेरिकेत तो 'द प्रोटेक्टर' झाला, इंग्लंडमध्ये 'वॉरियर किंग'. त्याचा दुसरा भाग २०१३ चा, थ्रीडीत काढला, त्याला 'द प्रोटेक्टर २' म्हणतात, त्यात जीजा यानिन ही थाई मारधाडीची हिरोईन पण आहे. आता कोणी 'टोनी जाचा पार्ट टू' म्हणाला की तो ओंग बाक २ म्हणतोय की प्रोटेक्टर २ हे विचारून घ्या. त्यात 'द प्रोटेक्टर' नावाचा जॅकी चॅनचा पण १९८५ चा एक पिक्चर आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि टोनी जा प्रसिद्ध झाल्यावर त्याचे तरुणपणीचे छोटे छोटे रोल असलेले जुने पिक्चर त्याचा मोठा फोटो लावून बाजारात आणले गेले, तसलं काही घेऊन मुलाचा हिरमोड करू नका. तपासायची सोपी खूण म्हणजे साल आणि डायरेक्टर: २००८, टोनी जा आणि पन्ना रित्तिक्राय, लांबी साधारण दीड तासाच्या वर काही मिनिटं.

लांबीचं मुद्दाम सांगतोय. थाई मारधाडीच्या पिक्चरांना बाहेरच्या देशात कात्री फार लागली. पहिल्या ओंग बाकचे परदेशातले हक्क लुक बेसाँच्या फ्रेंच कंपनीने घेतले तेव्हा संगीत बदललं आणि टिंगला बँकॉकमध्ये भेटणाऱ्या मुलीच्या बहिणीची अख्खी उपकथा उडवली. तोम यम गूंगची अमेरिकेतली आवृत्ती मूळपेक्षा जवळपास २५ मिनिटं कमी, गोष्ट कळेनाशी झाली. म्हणजे कायदेशीर आहे तेवढं पुरत नाही, कुठली आवृत्ती आहे तेही बघावं लागतं. तुमच्या मुलाने पहिला भाग मोबाईलवर हिंदीत जो बघितला तो बहुतेक कापलेलाच असणार, त्याला तो नीट थाई आवाजात परत दाखवा. वाटतो वेगळाच पिक्चर. फटका बसल्यावरचा आवाज, टोनी जाचं जवळजवळ काहीच न बोलणं, डबिंगमध्ये हे सगळं जातं, तिथे हिरोच्या तोंडी 'तेरी तो' वगैरे घातलेलं असतं. दुसऱ्या भागात तर संवाद इतके कमी आहेत की आठवीतलं पोरगं इंग्लिश सबटायटलवर आरामात बघेल. हिंदीसाठी अडून बसू नका हेच माझं म्हणणं.

यूट्यूबवर 'फुल मूव्ही' टाकलं की दहा सापडतील. त्यातले ओळखायचे कसे: चित्र आरशातल्यासारखं उलटं, बाजूने कापलेलं, चौकटीत बारीक करून ठेवलेलं, आवाज किंचित चिरका, चॅनलचं नाव भलतंच आणि त्यावर भजनांपासून क्रिकेटपर्यंत सगळं. हे सगळं चोरीचे व्हिडिओ पकडणाऱ्या यूट्यूबच्या मशीनला चकवायला केलेलं असतं. खऱ्या वितरकाचं चॅनल असेल तर तिथे त्यांचे बाकीचे पिक्चर असतात, व्हेरिफाइड असतं, चित्र पूर्ण रुंद असतं. हा पिक्चर रुंद पडद्यासाठी काढलाय, बाजू कापल्या की अर्धी मारामारी चौकटीबाहेर जाते. शेवटच्या सीनमध्ये दोन्ही कडेने एकेक माणूस धावून येतो, कापलेल्या कॉपीत वाटतं की हिरो हवेला लाथा मारतोय.

टेलिग्राम लिंकबद्दल. पोलीस तुमच्या दारात येतील असं सांगून मी घाबरवणार नाही, घरी बघणाऱ्याच्या मागे कोणी लागलेलं मी तरी पाहिलं नाही. पण पुढे पाठवणं, अपलोड करणं, क्लासच्या ग्रुपवर टाकणं, हे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये बसू शकतं, त्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पोरं नेमकं तेच करतात, स्वतः बघून गप्प बसत नाहीत, वीस जणांना फॉरवर्ड करतात. चोरीचे पिक्चर देणाऱ्या साईटची नावं सारखी बदलतात त्याचं कारण पण हेच, दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये असा आदेश दिला की बंद केलेल्या साईटची नवी जुळी भावंडं नव्याने केस न लढता बंद करता येतात, मग हे लोक पळत राहतात आणि पळताना तुमच्या फोनमध्ये काय काय टाकून जातात. 'बघायला आधी हे ॲप टाका' असं आलं की तिथेच थांबा. ज्या फोनवर तुमचं यूपीआय आहे त्यावर तर नाहीच.

पैसे कुणाला मिळतात असं मला पोरं विचारतात, स्टंटवाल्यांना मिळतात का? खरं उत्तर, तुम्ही भाडं भरलं तर ते ॲप आणि हक्कधारकाकडे जातं, २००८ साली पाठीवर आपटलेल्या माणसाच्या खिशात त्यातलं काही जाण्याची शक्यता कमीच. पन्ना रित्तिक्राय तर २०१४ मध्ये वारले. थायलंडमधल्या खोन केनचा माणूस, १९८६ मध्ये स्वतः पिक्चर काढला, तो बघून लहानगा टोनी जा त्यांच्याकडे शिकायला गेला, आणि त्यांनी गावाकडच्या पोरांना घेऊन स्टंटची अख्खी फौज उभी केली. पण भारतात थाई पिक्चर कोणी बघतं की नाही हे वितरकाला कळतं ते या भाड्याच्या आकड्यांवरूनच, टेलिग्रामचे व्ह्यू त्याच्या हिशोबात येत नाहीत. नंतर तुम्हीच म्हणणार की इथे काही मिळतच नाही.

भारतात काहीच नाही मिळालं तर? व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून अमेरिकेचं ॲप उघडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. पैसे भरत असलात तरी ते बहुतेक ॲपच्या अटींच्या विरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं, आणि बाहेरच्या दुकानात भारतीय कार्ड बऱ्याचदा चालतच नाही. त्यापेक्षा डिस्क बरी, फक्त रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याची खूण) बघून. डीव्हीडीत भारत रीजन ५, थायलंड ३, अमेरिका १, इंग्लंड २. ब्लू-रेमध्ये भारत सी, अमेरिका आणि थायलंड ए, इंग्लंड बी. म्हणजे अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेली ब्लू-रे तुमच्या इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही, डिस्कच्या मागे छोट्या गोलात लिहिलेलं असतं ते फोटो काढून मागवा. ऑल रीजन प्लेअर असेल तर प्रश्न मिटला. कोणी बँकॉकला फिरायला जात असेल तर त्यांना सांगताना इंग्लिश सबटायटल आहेत ना हे बघायला सांगा, थाई बाजारासाठी काढलेल्या डिस्कवर बऱ्याचदा नसतात, आणि फुटपाथवरची तर घ्यायलाच नको, नकली मालासाठी तिथले काही बाजार जगभर बदनाम होते.

वयाचं. अमेरिकेत पहिला आणि दुसरा दोन्ही आर रेटिंगचे आहेत, तिथे सतराच्या आतल्या मुलाला मोठ्यांसोबतच सोडतात. दुसऱ्यात रक्त आहे, गुलामांचा बाजार आहे, लहान मुलावरचे अत्याचार आहेत, गळे कापणं आहे. तिसऱ्याची सुरुवात तर जवळजवळ सगळी छळाची, हाडं मोडण्याची, ती मला स्वतःला बघवत नाही. आठवीतल्या मुलाला एकट्याला मोबाईल देऊन खोलीत पाठवू नका एवढंच म्हणेन, सोबत बसा, आधी तुम्ही एकदा चाळून घ्या. माझ्या क्लासमधल्या त्या वयाच्या पोरांना मी पहिला सुचवतो, दुसरा दहावीनंतर. तुमचं मूल तुम्हाला माहीत.

आणि बघितल्यावर दुसऱ्या दिवशी तो घरात सोफ्यावरून उडी मारून कोपर मारणार हे नक्की. त्याला सांगा की रिंगमध्ये तीन मिनिटांच्या राउंडमध्ये असली उडी क्वचित दिसते, कारण चुकली की तुम्ही हवेत असता आणि समोरचा जमिनीवर. मुलांच्या स्पर्धेत तर हेडगार्ड, कोपराला पॅड असतात. टोनी जाच्या पडण्यामागे वर्षानुवर्षांचं जिम्नॅस्टिक्स आहे, आधी पडायला शीक मग उडी मार, हे कोचने सांगितलं तर ऐकेल, तुम्ही सांगितलं तर नाही.

क्लासमध्ये दाखवण्याबद्दल. घरचं सबस्क्रिप्शन किंवा भाड्याचा पिक्चर हा घरातल्या माणसांसाठी असतो. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून चाळीस पोरं आणि त्यांचे पालक बसवले की ते सार्वजनिक प्रदर्शन झालं, तिकीट नसलं तरी. त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. शाळेच्या कामासाठी कायद्यात थोडी सूट आहे पण फी घेणाऱ्या खासगी क्लासने त्यावर विसंबू नये. कोचला हे करायचंच असेल तर पिक्चरच्या शेवटी वितरकाचं नाव येतं तिथे ईमेल टाकावा, तारीख, ठिकाण, किती माणसं, तिकीट आहे की नाही, एवढं लिहावं. उत्तर यायला वेळ लागतो आणि कधीकधी येतही नाही, आलं तर फी सांगतात. आम्ही आमच्याकडे शेवटी काय करतो, तर शनिवारी सांगतो की आपापल्या घरी बघून या, सोमवारी वॉर्मअपनंतर पंधरा मिनिटं गप्पा, कोणाला कुठला डाव दिसला ते करून दाखवायचा, हळू वेगात, पॅडवर. हनुमानाचा डाव तर प्रत्येक बॅचला कोणी ना कोणी शोधून आणतंच.